‘204 ला गरम पाणी नाही’ : सेवा-जुळणीच्या प्रकल्प नोंदी

18 ऑगस्ट 2025, सोमवार

सेवा-जुळणीचं, म्हणजे गेस्टच्या मागणीला योग्य माणूस गाठून देणारं, मॉड्यूल आजपासून माझ्याकडे आलं. लॉज आणि होमस्टेंसाठीच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बुकिंग आहे, बिलिंग आहे, खोल्यांच्या साफसफाईचा तक्ता आहे. पण गेस्टने काही मागितलं की ते ‘शेरा’ नावाच्या मोकळ्या रकान्यात जाऊन पडतं आणि पुढचं सगळं मॅनेजरच्या मोबाईलवर चालतं. प्लंबर कोण, वायरमन कोण, धुलाईवाला कोण, हे त्यांच्या डोक्यात असतं. मॅनेजर गावाला गेले की ते डोकंही गावाला जातं.

स्क्रीन काढायच्या आधी रजिस्टरं वाचायची असं ठरवलं. कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका लॉजच्या मालकांनी तक्रारवही बघू दिली, गेस्टची नावं झाकून. संध्याकाळपर्यंत वाचत बसलो. सगळ्यात जास्त वेळा दिसलेली ओळ: ‘204 ला गरम पाणी नाही.’ खोली बदलते, ओळ तीच.

त्या ओळीपुढे मॅनेजर काकांनी कुणाला बोलावलं ते पेन्सिलने लिहिलेलं आहे. कधी वायरमन, कधी प्लंबर, कधी सोलरवाला, कधी गॅसवाला, आणि कधी कुणालाच नाही, नुसतं ‘टाकी भरली’. तक्रार एकच, उत्तरं पाच. आमच्या मूळ आराखड्यात मात्र गेस्टने यादीतून ‘प्लंबिंग’ निवडायचं आणि सॉफ्टवेअरने जवळचा प्लंबर शोधायचा असं होतं. गेस्टला काय माहीत ते प्लंबिंग आहे की वायरिंग? त्याला एवढंच माहीत आहे की पाणी गार येतंय आणि मुलांना अंघोळ घालून दर्शनाला निघायचंय.

19 ऑगस्ट

गरम पाण्याचा माग काढला. काकांना विचारत गेलो, ते सांगत गेले. ही सगळी माहिती त्यांच्याकडे वर्षानुवर्षं आहे, कुणी विचारलीच नव्हती.

गच्चीवर सोलर आहे. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा सोलरच्या टाकीतली विजेची कॉइल चालू करावी लागते. ती चालू केली नसेल तर सगळ्याच खोल्यांत पाणी गार. म्हणजे पहिला प्रश्न हा की एकाच खोलीत गार आहे की सगळीकडे? एकाच खोलीत असेल तर दुसरा प्रश्न, गीझरचा लाल दिवा लागतो का. लागत नसेल तर एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा विजेचा स्विच, पडलाय का बघायचं. वर केल्यावर पुन्हा पडत असेल तर बहुतेक कॉइलमधून करंट उतरतोय, तिथे वायरमन हवा आणि त्याने येताना कॉइल घेऊन यायला हवी. दिवा लागतोय, पाणी तापतंय, पण नळाला गारच येतंय, तर मिक्सर बिघडलाय, तो प्लंबरचा विषय. पाणीच बारीक येत असेल तर वरची टाकी बघायची, त्याला बाहेरचा माणूस लागतच नाही. मागच्या इमारतीत गॅस गीझर आहेत, तिथे आधी सिलिंडर आणि बॅटरी.

प्रश्नांचं हे झाड कागदावर उतरलं तेव्हा फार बरं वाटलं. माझं मत आता पक्कं आहे: या मॉड्यूलचा गाभा ‘कोण जवळ आहे’ हा नाही, ‘नक्की काय झालंय’ हा आहे. गेस्ट लक्षण सांगतो, कारागीर काम करतो. या दोहोंच्या मधली पायरी आज मॅनेजर चढतात, सॉफ्टवेअरला ती चढता आली तरच पुढच्या जुळणीला अर्थ आहे.

21 ऑगस्ट

डेटाबेसमधल्या टेबलांची रचना लावली. मागणी, लक्षण, तपासणीचे प्रश्न, काम, कारागीर. मागणी थेट कारागिराला जोडायची नाही, मध्ये ‘काम’ आलंच पाहिजे. एका लक्षणाखाली अनेक कामं असू शकतात आणि एका कामाला सोबत सामानाची छोटी यादी असते.

तपासणीचे प्रश्न गेस्टला विचारायचे की केअरटेकरला, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. एका सहकाऱ्याचं म्हणणं, गेस्टच्याच मोबाईलवर प्रश्न दाखवले तर वेळ वाचेल. मला ते पटत नाही. पैसे देऊन उतरलेल्या माणसाला आपण एमसीबी बघायला पाठवायचं नाही. गेस्टला फार तर एक प्रश्न, तोही त्याला बसल्या जागी उत्तर देता येईल असा. बाकीचे केअरटेकर दादांच्या स्क्रीनवर. तसंच ठरलं.

कारागिराच्या नोंदीत काय काय असावं याची यादी वाढत चालली आहे. काम कोणकोणतं येतं, कुठल्या भागात जातो, वेळ, नेहमी जवळ असणारं सामान. आणि एक रकाना मी हट्टाने घातला: ‘ही इमारत ओळखतो.’ पेठांमधल्या जुन्या इमारतींत एका मजल्याचा व्हॉल्व्ह दुसऱ्याच मजल्यावर निघतो, वायरिंग तीन वेळा वाढवलेलं असतं. ज्याने ती लाइन टाकली तो दहा मिनिटांत काम करून जातो. नवा माणूस कितीही हुशार असला तरी आधी व्हॉल्व्ह शोधत फिरतो.

26 ऑगस्ट

उद्या गणेश चतुर्थी. शहरातले वायरमन मंडळांच्या रोषणाईत अडकलेत, मंडपवाल्यांकडची पोरंही तीच. ‘सोमवार ते शनिवार, 9 ते 7’ असल्या वेळापत्रकाला या दिवसांत काही अर्थ नाही.

म्हणून सणांचा विचार केला आणि एक गंमतीशीर तांत्रिक गोष्ट हाती लागली. कॅलेंडरची देवाणघेवाण आपण आयकॅलेंडरने करतो. तारखा लिहिण्याचा तो एक ठरलेला साचा, इंटरनेटच्या मानकांत (आरएफसी) क्रमांक 5545, 2009 चा. दरवर्षी येणारी तारीख त्यात एका नियमात लिहिता येते, पण तो नियम इंग्रजी कॅलेंडरवर चालतो. गणेशोत्सव, नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, सगळं तिथीवर. 2015 मध्ये आरएफसी 7529 ने इतर कालगणनांसाठी सोय केली, तरी प्रोग्रॅमिंगच्या लायब्रऱ्यांत सहज मिळणारं ‘भारतीय’ कॅलेंडर म्हणजे राष्ट्रीय सौर दिनदर्शिका, आपलं पंचांग नव्हे. तेव्हा तिथीचे सण दरवर्षी हाताने भरायचे. वर्षातून एकदा पंचांग घेऊन कुणीतरी बसायचं, त्यात कमीपणा नाही.

अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात ते दिवस, मात्र त्या नियमात अचूक बसतो. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर. तो चंद्रावर नाही, सूर्यावर चालतो, म्हणून तारखा हलत नाहीत. देवळाची दिशा ठरवणाऱ्या त्या जुन्या स्थपतींनी आमचं एक काम आधीच करून ठेवलंय.

1 सप्टेंबर

अंतर. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन सरळ रेषेतलं अंतर काढणं सोपं आहे, एका सूत्राचं काम. कोल्हापुरात ते सूत्र रंकाळ्यात उतरतं. एका काठावरचा प्लंबर समोरच्या काठावरच्या खोलीच्या ‘जवळ’ दिसतो, त्याला येताना मात्र तळ्याला वळसा घालावा लागतो. पंचगंगेचं तसंच. आंबेवाडी, चिखली नकाशावर शहराला चिकटून आहेत, पण मध्ये नदी आहे आणि यायचं शिवाजी पुलावरून.

मग कारागिरांनाच विचारलं, तुम्ही कुठवर जाता? कुणीही किलोमीटरमध्ये उत्तर दिलं नाही. ‘शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, रंकाळा स्टँडपतोर.’ ‘राजारामपुरी सगळी, आन् पुढं टाकाळा.’ ‘ताराबाई पार्क, कदमवाडी. गावात न्हाई येत, गाडी लावायला जागा न्हाई.’ किती स्वच्छ उत्तरं आहेत. त्रिज्येचं वर्तुळ काढून टाकलं, भागांची यादी घेतली. प्रत्येकाने आपले भाग स्वतः निवडायचे. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर असल्यामुळे तिथे पत्ता जुळवणं सगळ्यात सोपं गेलं. पेठांमध्ये तालमीच्या नावाने खूण लिहावी लागली, कारण लोक तोच पत्ता सांगतात.

पुराचा नियम आजच लिहून ठेवतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता, शहराचे भाग एकमेकांपासून तुटले होते. इशारा पातळी लागली की मॅनेजरच्या स्क्रीनवर एक बटण दिसेल, आणि ते दाबलं की नदीपलीकडचे कारागीर यादीतून बाजूला होतील. कारण फक्त रस्ता नाही. चिखली-आंबेवाडीचा माणूस त्या दिवशी स्वतःचं घर रिकामं करत असतो, जनावरं सोडवत असतो. त्याच्या फोनवर आपला ‘नळ गळतोय’ वाजता कामा नये.

8 सप्टेंबर

आज क्रम लावण्याचा दिवस. एका कामाला पाच माणसं पात्र ठरली तर पहिलं नाव कुणाचं?

वाचन बरंच केलं. हॅरोल्ड कून यांची 1955 ची ‘हंगेरियन पद्धत’ सुंदर आहे: इतकी कामं, इतकी माणसं, प्रत्येक जोडीचा खर्च माहीत असेल तर एकूण खर्च सगळ्यात कमी होईल अशी वाटणी ती हमखास काढते. पण तिला सगळी कामं एकदम समोर लागतात. आमच्याकडे गेस्टची मागणी एकेक करून येते, अंघोळीला उभा असलेला माणूस बाकीच्या मागण्या गोळा होईपर्यंत थांबणार नाही. सकाळी चेक-आउटनंतरची साफसफाई मात्र वेगळी. दहाच्या सुमारास कुठल्या खोल्या रिकाम्या होणार, दुपारी कुठल्या लागणार, कोणत्या मावशी आल्यात, हे सगळं एकदम माहीत असतं. तिथे ही पद्धत चपखल बसते. म्हणून दोन वाटा केल्या: तातडीची मागणी एकेक, रोजची साफसफाई एकगठ्ठा.

तातडीच्या वाटेवर सहकाऱ्याला गुण हवे होते. अंतराला इतके, स्टार रेटिंगला इतके, दराला इतके, बेरीज करून क्रम. माझा विरोध दोन कारणांनी. बेरजेत एक गोष्ट दुसरीची भरपाई करते. दर फार कमी आहे म्हणून वायरिंग न येणारा माणूस वर येणं कुठल्याच अर्थाने बरोबर नाही. आणि स्टार रेटिंग. एका लॉजवर एका प्लंबरला महिन्याकाठी मिळून किती गेस्ट स्टार देणार? दोन-चार जणांच्या मतावर, त्यातही एखादा पावसामुळे वैतागलेला, माणसाच्या पोटापाण्याचा क्रम ठरवायचा हे मला मान्य नाही.

शेवटी चाळणी आणि रांग. चाळणीत: काम येतं, भाग त्याचा आहे, आत्ता वेळ आहे, लागणारं सामान आहे किंवा वाटेत मिळेल. एकही अट चुकली की नाव नाही. चाळणीतून खाली आलेल्यांची रांग अशी: आधी इमारत ओळखणारा, मग त्याच भागातला, मग ज्याला या आठवड्यात कमी कामं गेलीत तो. शेवटची पायरी काहींना दयेची वाटली. ती तशी नाही. सगळी कामं एकालाच गेली तर तो आजारी पडेल त्या दिवशी इमारत ओळखणारा दुसरा कुणी तयारच झालेला नसतो. काम वाटलं की ओळख वाटली जाते.

तातडीचं नसलेलं काम असेल, म्हणजे दाराची कडी, पंख्याचा आवाज, तर तिथे ओळखीची पायरी मुद्दाम वगळली आहे. नव्या माणसाने इमारत शिकायची ती अशाच कामांवर.

15 सप्टेंबर

निरोप. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा होता, कारण कारागिराच्या दृष्टीने आपलं अख्खं सॉफ्टवेअर म्हणजे तो एक निरोप.

बरेच जण साधा फोन वापरतात किंवा स्मार्टफोन असला तरी कामावर असताना नेट बंद ठेवतात. म्हणून एसएमएस हवाच. इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांचा असतो, देवनागरी आली की मर्यादा 70 वर येते, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘गेस्ट’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसतं, मोजणीत पाच. त्यावर दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक नमुना आधी डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर, नोंदवायचा, बदलत्या जागा ठरवून. व्हॉट्सॲपवरही समोरच्याने 24 तासांत काही पाठवलेलं नसेल तर मंजूर टेम्प्लेटच जातो. मोकळं काही लिहिता येत नाही, तेव्हा प्रत्येक शब्दाला किंमत आहे.

नमुना एका वायरमन मामांना दाखवला. त्यात लॉजचं नाव, खोली, मजला, तक्रार, वेळ सगळं होतं. ते म्हणाले, ‘मजला कशाला, खोलीवरनं कळतंय की. एमसीबी पडतोय का तेवढं सांगा, म्हंजे सामान घिऊन येतो. न्हाईतर येक फेरी बघायला आन् येक आणायला.’ त्यांच्यामुळे असा झाला: ‘204 गीझर. एमसीबी पडतो. गेस्ट आत. 7 आधी. हो=1 नाही=2’. आधी लॉजचं छोटं नाव. 70 मध्ये बसतं. पडताळणीच्या प्रश्नांचं उत्तर त्यात थेट उतरलंय, 19 तारखेच्या झाडाचं फळ ते हेच.

गेस्टचं नाव आणि नंबर निरोपात नाही. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी नळ दुरुस्त करायला नाव लागत नाही. ‘गेस्ट आत’ किंवा ‘खोली रिकामी’ एवढं पुरतं. ‘गेस्ट आत’ असेल तर केअरटेकर सोबत गेल्याशिवाय काम सुरू झालं असं नोंदवताच येणार नाही, सॉफ्टवेअर पुढे जाणार नाही. खोलीत एकटी बाई असो किंवा म्हातारं जोडपं, अनोळखी माणूस दारात एकटा उभा राहू नये. यात कारागिराचंही संरक्षण आहे, मागाहून काही हरवलं अशी तक्रार आली तर तो एकटा नव्हता.

सगळ्यांना एकदम निरोप पाठवून ‘जो आधी हो म्हणेल त्याचं काम’ ही सूचना पुन्हा आली. नाही. असं चार वेळा झालं आणि प्रत्येक वेळी हो म्हणेपर्यंत काम दुसऱ्याला गेलं, की माणूस निरोप वाचणंच सोडतो. एकाला पाठवायचं, थांबायचं, मग पुढच्याला. किती थांबायचं ते कामावर: पाणी वाहत असेल तर फार थोडं, पंखा वाजत असेल तर निवांत. पहिल्याने उशिरा हो म्हटलं आणि तोवर दुसऱ्याने घेतलं असेल, तर डेटाबेसमध्ये ‘अजून मोकळं असेल तरच’ या अटीवर एकच अपडेट यशस्वी होतो, आणि उशिराच्याला लगेच ‘दुसऱ्याला दिलं, येऊ नका’ असा निरोप जातो. पेट्रोल जाळून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवण्याची वेळ यायला नको.

22 सप्टेंबर, घटस्थापना

महाद्वार रोडजवळच्या लॉजवर आजपासून प्रत्यक्ष वापर. मंदिर परिसरातले रस्ते वाहनांना बंद, सगळं पायी. भागांच्या यादीला आज ‘पायी पोचणारे’ अशी खूण जोडली, नवरात्रात फक्त तेच.

दुरुस्तीच्या मागण्या अपेक्षेएवढ्याच. इतर मागण्यांनी मात्र मॉड्यूलचं रूप बदललं. पहाटे स्टँडवरून आणायला रिक्षा. आजीसाठी चाकाची खुर्ची. ओटीचं साहित्य. उपवासाचं जेवण, त्यातही एकाला वरीचा भात चालतो, दुसऱ्याला साबुदाणाही नको, नुसती फळं.

उपवासाचं जेवण जवळच राहणाऱ्या एका काकू करतात. त्यांनी सांगितलं, ‘रात्री आठच्या आत सांगा, साबुदाणा भिजवायला लागतो.’ ही वेळ मागणीची नाही, काकूंची आहे. दुसरं कुणी वऱ्याचे तांदूळ करत असेल तर ते सकाळी सांगूनही मिळतील. म्हणून ‘किती आधी सांगायला हवं’ हा रकाना कारागिराच्या आणि कामाच्या जोडीवर गेला. आता गेस्टने सकाळी खिचडी मागितली तर काकूंचं नाव येतच नाही, जे शक्य आहे तेवढंच दिसतं. खोटं आश्वासन देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

27 सप्टेंबर

गर्दी प्रचंड. लिहायला वेळ नाही, एकच गोष्ट.

रांग संपली आणि कुणीच मोकळं नव्हतं, तेव्हा सॉफ्टवेअरने पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. मॅनेजर काका म्हणाले, ‘नसला कोण तर न्हाई म्हणून सांगा की लवकर. मी बघतो माझं.’ बरोबर आहे. ‘कुणी नाही’ हे उत्तर आहे, आणि ते लवकर मिळणं हीसुद्धा सेवा आहे. लाल पट्टी, आवाज, मॅनेजरच्या फोनवर. आजच चढवलं.

6 ऑक्टोबर

दसरा झाला. नोंदी निवांत वाचल्या.

काम ‘झालं’ हे कोण ठरवणार? वायरमन म्हणतो झालं, कारण कॉइल बदलली. गेस्टच्या दृष्टीने बादलीत गरम पाणी पडलं की झालं. गीझर तापायला वेळ लागतो, म्हणून गेस्टला विचारणा लगेच जात नाही, अर्ध्या तासाने जाते. कडी बसवल्यावर मात्र लगेच. प्रत्येक कामाला स्वतःचा ‘कधी विचारायचं’ आहे. गेस्टने ‘नाही’ म्हटलं तर मागणी त्याच माणसाकडे आपोआप जात नाही, परत प्रश्नांच्या झाडाशी जाते. बहुतेकदा कारागीर बरोबर असतो आणि निदान अपुरं असतं.

पैशांचा विषय निघाला. कारागिराकडून प्रत्येक कामामागे कमिशन घ्यावं, असा प्रस्ताव होता. मी स्पष्ट सांगितलं: ज्या दिवशी कमिशन येईल त्या दिवशी रांगेचा क्रम बिघडेल. आज नाही तर सहा महिन्यांनी, कुणीतरी म्हणेल जास्त कमिशन देणाऱ्याला थोडं वर घ्या. लॉजवाले आपल्याला महिन्याची फी देतात, ती पुरेशी आहे. कारागिराचे पैसे लॉजकडून किंवा गेस्टकडून थेट त्याच्या यूपीआयवर. सगळ्यांनी मान्य केलं, आणि मालकांना देण्याच्या करारात ते लिहूनही टाकलं.

14 ऑक्टोबर

गेस्ट लिहितात कसं, यावर काम. मराठी, हिंदी, बेळगावकडच्यांचं कन्नड, इंग्रजी लिपीतलं मराठी. गीझरच्या स्पेलिंगलाच अंत नाही. हिंदीतला ज़ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी येतो, तयार अक्षर म्हणून किंवा ज आणि नुक्ता, म्हणजे खालचा ठिपका, जोडून. शोधण्याआधी सगळं एका रूपात आणलं, की अर्धी कटकट मिटते.

वाक्यांचा कोश रजिस्टरांतूनच केला, लोकांनी खरोखर लिहिलेल्या ओळी. एआय मॉडेल लक्षण सुचवतं, पण ‘हेच का?’ म्हणून एकदा विचारल्याशिवाय पुढे जात नाही. आणि धूर, करंट, गॅसचा वास, लिफ्टमध्ये अडकणं, तब्येत बिघडणं, यातलं काहीही दिसलं की जुळणीच करायची नाही. थेट मॅनेजरचा फोन वाजतो आणि गेस्टच्या स्क्रीनवर 112 येतो. या यादीवर मला कुणाशीही तडजोड करायची नाही.

24 ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी, पन्हाळा. गडावरच्या होमस्टेंचं गणितच निराळं. शहर वीसेक किलोमीटर खाली, धुक्यात नेटवर्क जातं येतं, आणि वर राहणारे कारागीर मोजके. इथे रांग लावायला माणसंच नाहीत.

होमस्टेच्या वहिनींशी बोलताना उत्तर सापडलं. त्या म्हणाल्या, ‘फ्रीजवाले वर आले की आम्ही शेजारच्यांनाही विचारतो, तुमचं काही आहे का.’ म्हणजे गडावर जुळणी माणसाची नाही, फेरीची करायची. तातडीची नसलेली कामं साठवून ठेवायची, कुणीही वर येणार असेल तर त्याच्या हाताशी बसणारी सगळी कामं आजूबाजूच्या होमस्टेंतून एकत्र दाखवायची. त्यालाही एका नळासाठी घाट चढायला परवडत नाही, तीन कामं असतील तर तो आनंदाने येतो. जाण्यायेण्याचा खर्च सगळ्या घरांत वाटला जातो. एकगठ्ठा वाटेचा कोड जवळजवळ तसाच इथे वापरता आला.

नेटवर्क नसेल तेव्हा केअरटेकरच्या फोनमध्ये नोंद राहते आणि रेंज आली की चढते. दोन्हीकडून बदल झाला असेल तर ‘काम झालं’ ही नोंद जिंकते.

10 नोव्हेंबर

किरणोत्सवाचा दुसरा दिवस. मावळतीच्या सुमारास सगळे गेस्ट मंदिराकडे, खोल्या रिकाम्या. ऑगस्टमध्ये टाकलेला तारखांचा नियम आज उपयोगी पडला: साठलेली बारीक कामं, टपकणारे नळ, ढिल्या कड्या, याच वेळेत लावली होती. बहुतेक कामांच्या निरोपात ‘खोली रिकामी’ गेलं, केअरटेकर एकेक दार उघडून देत गेले. ढग असोत नसोत, ही वेळ तीनही दिवस मोकळी मिळते. जानेवारीअखेरच्या तारखाही तशाच बांधून ठेवल्या.

12 नोव्हेंबर

ताराबाई पार्कातल्या सर्व्हिस अपार्टमेंटवाल्यांनी विचारलं, महाद्वार रोडच्या लॉजचे वायरमन आम्हाला दिसतील का? तांत्रिकदृष्ट्या एका ओळीचं काम आहे. पण ती यादी लॉजच्या काकांनी अनेक वर्षांत जमवली आहे, आणि तीतला माणूस म्हणजे आमच्या टेबलातली नुसती ओळ नाही.

ठरलं ते असं. आधी कारागिराला विचारायचं, त्याने हो म्हटलं आणि भाग निवडला तरच त्याचं नाव दुसरीकडे दिसेल. जुन्या लॉजला तसं कळवायचं, त्यांची परवानगी मागायची नाही, कारण माणूस त्यांच्या मालकीचा नाही. ‘ही इमारत ओळखतो’ ही खूण मात्र सोबत जाणार नाही, ती नव्या जागी पुन्हा मिळवावी लागेल. आणि कुठल्याही लॉजने आमचं सॉफ्टवेअर सोडलं तर त्यांची यादी, प्रश्नांच्या झाडांसकट, त्यांना फाइल करून द्यायची. ती फाइल काढायचं बटण सोमवारपर्यंत तयार हवं, नव्या ग्राहकाचा करार त्यानंतर.